वजाबाकीत उरलेला आवाज

ताईला सगळेच ताई म्हणायचे. धाकटा भाऊ म्हणायचा ते ठीकच होतं. पण खालच्या मजल्यावरची माणसं, औषधाच्या दुकानातला माणूस आणि कुठल्या कुठल्या देशांतून तिला व्हायोलिन-बासरीच्या फाइली पाठवणारे वादकसुद्धा तिला ताईच म्हणायचे. त्यातल्या निम्म्यांना या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांना ते तिचं नावच वाटायचं. वय बावन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. आई आणि ती, दोघीच राहायच्या.

तिचं काम नेमकं काय, हे कुणाला समजावून सांगणं अवघड होतं. आई शेजारणींना सांगायची, "आमच्या मुलीचा ऑर्केस्ट्रा आहे." मग शेजारणी विचारायच्या, जुनी गाणी म्हणते की नवी? ताईने एकदोनदा खुलासा करून पाहिला. व्हिडिओ गेम असतात ना, जुने, लहान मुलं खेळायची ते; त्यात मागे एक टुणटुण संगीत वाजायचं; ते आम्ही मोठ्या वाद्यवृंदावर बसवतो. शेजारणी मान डोलवायच्या आणि थोडं थांबून पुन्हा विचारायच्या, म्हणजे गाणी नाहीत का? तेव्हापासून ताईने आईचा ऑर्केस्ट्राच चालू ठेवला.

खरं तर दोघांचा उद्योग होता तो. धाकटा भाऊ शाळेत संगीत शिकवायचा. चव्वेचाळीस वर्षांचा झाला, डोक्यावर केस औषधाला उरले नव्हते, तरी घरी तो बाळ्याच होता. जुन्या गेमच्या यंत्रातून एका वेळी तीनच सूर निघायचे. एक सुरावट, एक खर्ज, आणि मध्ये कुठेतरी घाईघाईने पळणारा तिसरा. बाळ्या ते तीन सूर घेऊन बसायचा आणि चाळीस वाद्यांत उलगडायचा. इथे चेलो, इथे हॉर्न, इथे सगळे गप्प आणि एकटा ओबो. मग तो ते कागद वादकांना धाडायचा आणि वादक आपापल्या घरी वाजवून पाठवायचे. कुणी झोपायच्या खोलीत वाजवायचा, कुणी मोटार ठेवतात तिथे. कुणाच्या मागे कुत्रं भुंकायचं. जिथे माणूस मिळायचा नाही, तिथे संगणकातलं वाद्य.

आणि मग ते सगळं ताईकडे यायचं. जी माणसं जन्मात एकमेकांना भेटली नाहीत त्यांना एका दालनात बसवायचं, हे तिचं काम. कुणाला पुढे, कुणाला मागे, कुणाला खिडकीशी. एकोणीस वर्षं तिने गावातल्या मोठ्या सभागृहात ध्वनीची यंत्रं सांभाळली होती. दुरुस्तीसाठी म्हणून ते सभागृह बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही. त्या सभागृहाचा आवाज मात्र तिच्या डोक्यात पक्का होता, आणि प्रत्येक धून ती नकळत तिथेच नेऊन बसवायची. घराच्या मागच्या खोलीत दोन जड स्पीकर, भिंतीवर जुन्या गाद्यांचे तुकडे, आणि एक खुर्ची, जिची बैठक तिच्याच आकाराची झाली होती. आत जाऊन दार लावलं की दिवस कुठे जायचा कळायचं नाही.

एक सवय होती तिला. काम पुरं करून बाळ्याला पाठवलं की ती ते पुन्हा कधी ऐकायची नाही. दिवसभर चुलीपुढे उभी राहिलेली बाई जशी ताटावर बसल्यावर घासभरच खाते, तसं. लोक काय लिहितात तेही वाचायची नाही. बाळ्या सांगायचा ते पुरे व्हायचं. आणि बाळ्या चांगलंच सांगायचा.

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा तिला घेऊन जावं लागू लागलं. एका लांबट खोलीत निळ्या गाद्या घातलेल्या, दोन समांतर लोखंडी दांडे, खुंटीवर रंगीत रबरी पट्ट्या. व्यायाम करून घेणारी बाई मोठी हसतमुख होती. बायांनी पाय उचलावेत म्हणून ती टॅबलेटवर काही ना काही लावून ठेवायची. त्या दिवशी सकाळी तिने लावलं ते ऐकून आई दांड्याला धरल्याधरल्या थांबली.

"हे आमच्या मुलांचंच आहे," आई म्हणाली.

होतंच ते. बेटांवरून बेटांवर होडी न्यायची असा एक खेळ होता, लहानपणी दोघा भावंडांनी शाळा बुडवून खेळलेला. त्यातली बंदराची धून. सहा महिन्यांपूर्वी ताईने ती बसवली होती. व्यायामवाली हरखली. म्हणाली, मी तर रोज लावते हे, किती मऊ आहे ऐकायला, कुठे टोचत नाही की काही नाही. ताईने आभार मानले. मग ती भिंतीशी बाकावर बसली आणि नाइलाजाने ऐकू लागली.

या धुनेत चेलो वाजवणारे आजोबा टपालखात्यातून निवृत्त झालेले होते. फार सुंदर वाजवायचे, पण सुरुवात करण्याआधी बुटाने जमिनीवर तीनदा ठोका द्यायचे आणि तो ध्वनिमुद्रणात यायचा. कुणीही तो कापून टाकला असता. ताईने ठेवला होता. अंधारात कुणीतरी जिना चढून येतंय असं त्या तीन ठोक्यांनी वाटायचं, आणि मग चेलो उघडायचा. त्या एका जागेवर तिने अख्खी दुपार घालवली होती.

बाकावर बसून ती ठोक्यांची वाट पाहत राहिली. ठोके आले नाहीत. चेलो सरळच सुरू झाला, आणि तिने डावीकडे बसवला होता तो मधोमध येऊन वाजू लागला.

घरी येताना तिने स्वतःची समजूत घातली, की एवढासा टॅबलेट, त्यात कसला डावा आणि कसला उजवा. पण ठोके कुठे गेले? आईला पलंगावर टेकवून ती मागच्या खोलीत गेली, लोकांसाठी प्रसिद्ध झालेली फाइल उतरवून घेतली, आणि स्वतःची जुनी फाइल काढून शेजारी ठेवली.

दोन आवाज एकच आहेत का हे पाहायची एक सोपी रीत आहे. एक तसाच ठेवायचा, दुसरा उलटा करायचा, आणि दोन्ही एकदम लावायचे. सारखे असतील तर ते एकमेकांना पुसून टाकतात. काहीच ऐकू येत नाही. वेगळे असतील तर जेवढा फरक तेवढंच उरतं. ही वजाबाकी ताईने कितीतरी जणांना शिकवली होती. तिने ती आता केली. पहिल्यांदा तीन ठोके ऐकू आले, एकटे, अगदी स्वच्छ. मग चेलो, मग ढोलाचा घुमारा, एकेक करत जवळजवळ सगळंच. म्हणजे कुणीतरी तिच्या कामात हात घातला होता.

पण संगणकाच्या पडद्यावर आणखीही काही दिसत होतं. वरच्या बाजूला, जिथे बारीक, उंच आवाजांची रेघ असते, तिथे जाड पट्टा होता. एवढा फरक कशाचा, म्हणून तिने खालचे सगळे आवाज बंद केले आणि तेवढाच वरचा भाग लावला. खोलीत शांतता. तिने स्पीकरची वायर पाहिली. आवाज वाढवला. आणखी वाढवला. पडद्यावरची रेघ नाचत होती, काटा लाल रंगात जाऊन आदळत होता, आणि खोलीत तिला स्वतःच्या खुर्चीची करकर तेवढी ऐकू येत होती.

दार उघडून आई आली, काठीवर भार देत. दोन्ही कानांत कापूस होता. ताई इतके महिने समजत होती, की आई थंडीसाठी कापूस घालते.

"काय लावलंयस ते? कापूस घालूनसुद्धा सुया टोचल्यासारखं होतंय. बंद कर बाई."

"कुठलं, आई?"

"कुठलं काय? हे."

ताईने हात पुढे करून बंद केलं. तिच्या लेखी काही बदललं नाही.

"आता?"

"आता गेलं," आई म्हणाली. मग तिने मुलीकडे जरा बघितलं. "तुला त्रास होत नाही का गं याचा?"

ताई म्हणाली, होतो थोडा. आई गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि एकेक करत सगळ्या धुना काढल्या. शहात्तर वर्षांच्या बाईला जे ऐकू येत होतं ते आपल्याला येत नाही, यावर विचार करण्यापेक्षा हे बरं होतं. एक सरळ, एक उलटी. गेल्या दीड-पावणेदोन वर्षांतल्या चौदा धुना तिने लावल्या आणि चौदाच्या चौदा उरल्या. एकही पुसली गेली नाही. पंधरावी लावली, दोन हिवाळ्यांपूर्वीची, दीपस्तंभाची एक छोटीशी धून, जी कुणाला फारशी आवडलीही नव्हती. ती लावल्याबरोबर पडदा सपाट झाला. तीच शेवटची तिच्या हातची होती. त्यानंतर जे जे म्हणून तिच्या नावावर जगात गेलं, त्यात ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला ती बाळ्याच्या वर्गात गेली. मुलं गेली होती. बुटक्या खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवलेल्या, कीबोर्डांवर कापडं घातलेली. बाळ्या फळ्यावरच्या पाच रेघा पुसत होता. बहीण एवढ्या लांब शाळेत का आली हे त्याने विचारलं नाही. डस्टर ठेवलं आणि हात झटकत उभा राहिला.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"ताई, मी सांगणार होतो."

"केव्हा?"

"दर वेळी."

तिने एक खुर्ची सरळ करून घेतली आणि तिच्यावर बसली. गुडघे छातीपर्यंत आले. बाळ्या समोर उभा राहूनच सांगू लागला, गृहपाठ न केलेल्या मुलासारखा. आधी ऐकणाऱ्यांनी लिहिलं, व्हायोलिनं फार टोचतात. त्याला वाटलं, लोक काय, काहीही लिहितात. मग हॉर्न वाजवणाऱ्याने खासगीत कळवलं, की झांजा ऐकून त्याच्या बायकोचं डोकं दुखलं. मग एका रविवारी आईने त्याला जिन्यात गाठून विचारलं, ताईचं काम एवढं कर्कश का झालंय रे हल्ली? तेव्हा कुठे तो नीट कान देऊन बसला. आणि मग त्याने टिकटिकला फोन केला.

टिकटिक ही ताईची शिष्या. सभागृहात पाच वर्षं हाताखाली होती. तालाचं यंत्र सतत चालू ठेवून काम करायची म्हणून बाळ्यानेच तिला ते नाव दिलं होतं. आता दुसऱ्या गावी एका मोठ्या स्टुडिओत होती, दोन मुलांची आई झाली होती, आणि तिथेही लोक तिला टिकटिकच म्हणत. बाळ्याने तिला सांगितलं होतं, की बसवते सगळं ताईच, तू फक्त शेवटचा हात फिरव. पहिल्यांदा तिने हातच फिरवला. दुसऱ्यांदा जास्त फिरवावा लागला. चौथ्या वेळी ती म्हणाली, की दुरुस्त करत बसण्यापेक्षा मुळापासून करणं सोपं आहे.

"म्हणजे माझी फाइल तुम्ही उघडतही नव्हतात," ताई म्हणाली.

बाळ्या कीबोर्डावरच्या कापडाची घडी नीट करत राहिला. "सुरुवातीला उघडायचो," तो म्हणाला.

"मग मला कशाला पाठवायचास?"

"तू वाट बघायचीस. दर दोन दिवसांनी विचारायचीस, पुढचं कधी देतोस. काम असलं की तू नीट जेवतेस, असं आई म्हणायची."

बाहेर कुणीतरी घंटेची दोरी ओढून पाहत होतं. ताईने तिकडे मान वळवून पाहिलं. मग म्हणाली, "तू पाच वर्षांचा होतास. खेळायला हवं म्हणून रडायचास. मी तुला दुसरा कंट्रोलर द्यायचे, वायर न जोडलेला. तू आपला बटणं दाबत बसायचास. तुला वाटायचं, होडी तूच चालवतोयस."

"मला माहीत होतं," बाळ्या म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"वायर नाही ते. लवकरच कळलं होतं. पण तू शेजारी बसवून घ्यायचीस ना."

ताई उठली. खुर्ची उलटी करून होती तशी बाकावर ठेवली. "मला माहीत नव्हतं, बाळ्या," ती म्हणाली आणि निघाली. तो फाटकापर्यंत मागे आला.

कानाच्या डॉक्टरांकडे ती एकटीच गेली. जुन्या टेलिफोन बूथएवढी खोली, भिंतींना भोकाभोकांचं अस्तर, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला तिने भराभर दाबलं. मग मध्ये मोठी पोकळी आली. आवाज किती अंतराने येतात हे तिला एव्हाना समजलं होतं. त्या मापाने तिने दोनचार वेळा दाबून टाकलं. डॉक्टरांनी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, अंदाजाने दाबू नका, त्याने तुमचंच नुकसान आहे. परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखी तिची मान खाली गेली.

कागदावर रेघ काढून दाखवली त्यांनी. थोडी सरळ चालली होती आणि मग कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. दोन्ही कानांची, जवळजवळ सारखीच. एकोणीस वर्षं मोठ्या आवाजाजवळ काढली, थोडं घराण्यातही असेल, ते म्हणाले. गेलेलं परत येत नाही. बोलणं कळायला यंत्र उपयोगी पडेल. स आणि श, फ आणि थ यांत गोंधळ होत असेल तो कमी होईल. संगीताचं मात्र सांगता येत नाही. ताईने विचारलं, हे कधी सुरू झालं असेल? ते म्हणाले, असं हळूहळू जाणारं माणसाच्या लक्षात येत नाही. सहासात वर्षं तरी झाली असावीत.

सहासात वर्षं. म्हणजे ती दीपस्तंभाची धूनसुद्धा. तिच्या आधीच्याही कितीतरी. त्या तिच्या हातच्या होत्या हे खरं, पण कशा होत्या? कुणी काही बोललं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

त्यानंतरचा महिना तिने हट्टाने काढला. बाळ्याने सुचवलं होतं, की या सगळ्या धुनांचा संग्रह निघायचा होता त्यातली शेवटची, खेळ संपल्यावर नावं सरकत जातात तेव्हाची, ती तिघांनी मिळून करावी. ताईने वाद्यं बसवावीत, वरच्या आवाजांचं टिकटिकने पाहावं. ताई हो म्हणाली. कान नसतील तर डोळे आहेत, असं तिला वाटलं. तिने जुन्या, चांगल्या ध्वनिमुद्रणांच्या रेघा काढून शेजारी ठेवल्या आणि आपल्या रेघा त्यांच्यासारख्या करत गेली. व्हायोलिनं इतकी, झांज इतकी, बासरीची फुंकर इतकी. कापडाचा रंग न बघता केवळ मापाने शिवावं तसं.

ठरल्याप्रमाणे दुपारी टिकटिक पडद्यावर आली. ताईने पहिला भाग लावला. टिकटिक म्हणाली, छान झालंय, ताई. दुसरा लावला. हेही छान. ओबो थोडा मागे घेऊ का, असं ताईने विचारलं तर म्हणाली, घ्या, नाहीतर राहू द्या, दोन्ही चांगलं वाटतंय. ही तीच मुलगी, जी सभागृहात असताना ताईशी एका झांजेवरून दोन दिवस भांडली होती.

ताईने मग एक केलं. व्हायोलिनांचा वरचा भाग उचलून थेट टोकाला नेला. कुणाही शहाण्या माणसाने हेडफोन काढून फेकावेत इतका. आणि तिसरा भाग लावला. पडद्यावर टिकटिकचा चेहरा तिला स्पष्ट दिसत होता. तिचा डोळा एकदा मिटला, हात कानाशी गेला आणि तिथून केसांवर फिरला.

"थोडं वर आहे," टिकटिक म्हणाली. "पण चालेल, ताई. मी बघते नंतर."

"बघ," ताई म्हणाली, आणि पडदा मिटवला.

त्या दिवशी तिला कळलं, की यापुढे तिला कुणीही खरं सांगणार नाही. चांगली माणसं होती, म्हणूनच सांगणार नव्हती. आणि स्वतःला विचारावं तर तिथेही उत्तर नव्हतं.

एक काम तिने तेवढं केलं. टिकटिकच्या चौदाही धुना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्या, दोन दिवस लावून. मनातून तिला त्या वाईट हव्या होत्या. वाईट असत्या तर चिडता आलं असतं. त्या चांगल्या होत्या. दालन तेच होतं, सभागृहाचं. ते बसवायला टिकटिक तिच्याकडूनच शिकली होती. काही जागी तर तिने असं काही केलं होतं जे ताईला कान धड असतानाही सुचलं नसतं. आणि जो भाग ऐकू येत नव्हता, तिथे आणखी काय काय असेल कोण जाणे. आपलं काम चांगलं नव्हतं हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान्य करायचं, आणि दुसऱ्याचं चांगलं आहे तेही अर्धंच ऐकून.

तिने बाळ्याला फोन करून सांगितलं, की चौदा धुनांवरचं माझं नाव काढ. तो नाही म्हणाला. भांडण झालं नाही. तो नुसता नाहीच म्हणत राहिला, आवाज बारीक करत, आणि फोनवर त्याचे शब्द तिला नीट लागत नव्हते. शेवटी तिने फोन आईकडे दिला. नाव राहिलं. संग्रह निघाला, शेवटच्या धुनेसकट, आणि कधी नव्हे ते बाळ्याने लोकांची पत्रं थेट ताईकडे पाठवली, तिला बरं वाटावं म्हणून. पत्रं भरभरून होती. ताईंनी यावेळी कमाल केली, असं लोकांनी लिहिलं होतं. ताईंचा हात ओळखू येतो, असंही.

त्यात चेलोवाल्या आजोबांचं पत्र होतं, चारच ओळींचं. बंदराच्या धुनेबद्दल फार दिवस आभार मानायचे होते, असं त्यांनी लिहिलं होतं. माझा पाय वाजतो, उभ्या आयुष्यात ती खोड गेली नाही, प्रत्येक ध्वनिमुद्रणात मला तिची लाज वाटते. तुम्ही ते ठोके काढून टाकलेत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

ताईने ते पत्र पुन्हा वाचलं. उत्तर द्यायला बसली, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि संगणक बंद करून आईसाठी पाणी तापवायला गेली.

आईशी ती या विषयावर एकदाच बोलली. कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, तुला टोचत होतं तर मला सरळ सांगायचंस. आईने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला.

"बाळ्याला विचारलं होतं. मग मला वाटलं, तुझ्या कामात तसंच असतं," आई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

मग मागची खोली रिकामी करायचं ठरलं. आईला ऊन हवं, पण त्यासाठी जिना उतरायला नको, आणि घरात ऊन त्याच खोलीत यायचं. यंत्र कानाला लावून महिना झाला होता. त्यात भांडी आपटल्याचा आवाज घणासारखा यायचा आणि माणसांचं बोलणं पत्र्याच्या डब्यातून यावं तसं. संगीत तिने त्यातून एकदाच लावून पाहिलं. सुरांना कुणीतरी वाळू चोळल्यासारखं वाटलं, आणि तिने कानातलं काढून ठेवलं.

स्पीकर टिकटिकला द्यायचे, हे ताईनेच सांगितलं. रविवारी सकाळी ती भाड्याची गाडी घेऊन आली. सोबत तिचा नवरा होता. त्याने आणि ड्रायव्हरने मिळून एकेक स्पीकर खाली नेला. टिकटिक खोलीत उभी राहून भिंतीवरच्या गाद्यांकडे बघत होती. ताईने तिला कामाचं तेवढं सांगितलं. डावा जरा लवकर तापतो, त्याच्या मागे हात-दीड हात जागा सोड. झाकणाचे दोन स्क्रू माझ्याकडून हरवलेत, तिथे दुसरे बसवलेत. सुरू केल्यावर अर्धा तास तरी त्यांच्यावर भरवसा ठेवू नकोस. टिकटिकने सगळं वहीत लिहून घेतलं, सभागृहात घ्यायची तसं. खुर्ची नेणार का, असं ताईने विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली.

निघताना ती दारात थांबली. पायरीवरून वळून खालच्या आवाजात काहीतरी बोलली. लांबलचक होतं. खाली गाडी सुरू होती आणि ताईच्या कानात यंत्र नव्हतं. ओठ हलताना दिसले, मधला एक शब्द 'तेव्हा' असावा, शेवटी काहीतरी प्रश्नासारखं होतं. पुन्हा सांग म्हणावं असं ताईच्या मनात आलं. पण टिकटिकचे डोळे भरले होते, आणि तेवढं बोलायला तिला किती बळ लागलं असेल ते दिसत होतं.

"हो," ताई म्हणाली. "हो, हो."

टिकटिक हसली, तिने डोळे पुसले, आणि ती भराभर जिना उतरून गेली. गाडीचं दार लागलेलं ताईला वरून दिसलं. आतून आई विचारत होती, पलंग आज हलवायचा का उद्या. ताईने दोनदा विचारून घेतलं आणि मग पलंगाचं एक टोक धरलं.